चौथ्या वेळी वाजलं तेव्हा

१९८२ साली एचएमव्हीनं एक तबकडी बाजारात आणली. नाव होतं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वाजवणारा माणूस एकच, चरणजित सिंग. मुंबईच्या सिनेसंगीतात त्यांनी गिटार वाजवली, बास वाजवला, ट्रान्झिकॉर्ड म्हणजे विजेवरचा अकॉर्डियन वाजवला. परदेशातून नवं वाद्य आलं की त्यावर हात बसवणाऱ्यांत ते पुढे असत. राहुलदेव बर्मन यांच्यासह त्या काळातल्या मोठमोठ्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात त्यांची खुर्ची होती. सिंगापूरहून त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं आणली : सुरावटीसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि बाससाठी टीबी-३०३. या तीन यंत्रांवर त्यांनी भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी वाजवले. तबल्याला सुट्टी. गाणारा गळा नाही. दहाही रागांखाली डिस्कोचा एकच न थकणारा ठोका.

तबकडी सपशेल पडली. आज तिचं एवढं कौतुक होतं की, ती का पडली याचा विचार करायचं कुणाच्या मनात येत नाही. पण तो करायला हवा, कारण त्या वेळच्या ऐकणाऱ्यांचं काही चुकलं होतं असं मला वाटत नाही. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ येऊन गेला होता. पुढच्या वर्षी नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’नं घरोघरचे टेपरेकॉर्डर काबीज केले. १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. ज्याला डिस्को हवा होता त्याला गळा, मुखडा, पडद्यावरचा मिथुन आणि लग्नाच्या वरातीत म्हणता येईल अशी ओळ मिळत होती. चरणजित सिंगांकडे यातलं काहीच नव्हतं. आणि ज्याला ललित किंवा तोडी ऐकायचा होता तो सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बसणारा माणूस. वेष्टनावरचा ‘डिस्को’ हा शब्द वाचूनच त्यानं तबकडी परत खोक्यात सारली असणार. तेलही गेलं नि तूपही गेलं, अशी तिची गत झाली.

मग वीस वर्षं काहीच नाही. २००२ मध्ये जुन्या हिंदी तबकड्यांच्या शोधात भारतात फिरणाऱ्या एदो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली. त्यानं पुढे मुंबईत चरणजित सिंगांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये ‘बाँबे कनेक्शन’ या आपल्या छोट्या कंपनीतर्फे तिची नवी आवृत्ती काढली. युरोपातले ऐकणारे चक्रावले. १९८७ च्या सुमाराला शिकागोत जन्मलेलं ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं संगीत त्यांना पाठ असलेलं. त्यातला तो ओळखीचा, पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा बास आणि तोच यांत्रिक ठोका, आणि तबकडीवर साल १९८२? काहींना ही शुद्ध थाप वाटली. अ‍ॅफेक्स ट्विनसारख्या कुणा खोडकर कलाकारानं घरी बसून हे केलं आणि खोटी जुनी तारीख चिकटवली, अशी कुजबुजही झाली. थाप नाही हे कळल्यावर मत दुसऱ्या टोकाला गेलं. चरणजित सिंग अ‍ॅसिड हाउसचे जनक ठरले. सत्तरीच्या घरात ते युरोपात जाऊन तरुणांपुढे ही तबकडी वाजवू लागले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचं स्वतःचं म्हणणं सरळ होतं : तेव्हा सिनेमात डिस्को फार चालायचा, म्हणून वेगळं काहीतरी करावं, तबला बंद ठेवावा आणि डिस्कोवर राग वाजवावेत असं वाटलं. अ‍ॅसिड हाउस म्हणजे काय, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं, मग त्यांना कुठून असणार?

तबकडीतला एकही सूर बदललेला नाही. एकोणिसशे ब्याऐंशीची पडेल तबकडी दोन हजार दहात चमत्कार झाली, ती मधल्या काळात आलेल्या इतर तबकड्यांमुळे.

*

गाण्यात शब्द असले की कान शब्दांना धरून चालतो. ख्याल असेल तर घराणं, बंदिश, गुरूचं नाव हाताशी असतं. आवडलं नाही तरी का आवडलं नाही हे सांगता येतं. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पहिल्या ऐकण्यात यातलं काहीच नसतं. आवाज कशाचा हेच कळत नाही, वाजवणाऱ्याचा हात दिसत नाही. मग ऐकणारा दुसरीकडून मोजपट्टी उसनी आणतो. रागाची आणतो, डिस्कोची आणतो, आधीच्या अल्बमची आणतो, आणि मत देतो ते त्या मोजपट्टीनं. यंत्रसंगीताच्या अल्बमांविषयी माणसं इतकी टोकाची भांडतात आणि दहा वर्षांनी तितक्याच ठामपणे उलटं बोलतात, त्याचं मूळ इथे आहे असं माझं मत आहे.

आपल्याला हे नवीन नाही. हार्मोनियमचं आठवा. संगीत नाटकानं तिला घरोघर नेलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला प्रतिष्ठा दिली, तरी १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दार बंद केलं. रवींद्रनाथांसारख्यांचाही तिला विरोध होता. आक्षेप गंभीर होता : तिचे सूर ठोकळेबाज, एका सुरावरून दुसऱ्यावर ती उडी मारते, मींड तिला जमत नाही. १९७१ पासून ती बंदी सैल होत गेली. आज पेटीशिवाय ख्यालाची मैफल अपुरी वाटते. पेटी तेव्हाही मींड घेत नव्हती आणि आजही घेत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं तेच. बंगळूरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो बनवला तेव्हा नाकं मुरडली गेली; आज मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज न करणारा विद्यार्थी दाखवून बक्षीस मिळवावं.

गंमत अशी की, टीबी-३०३ या चिमुकल्या चंदेरी डबीत पेटीला न जमणारी गोष्ट होती. तिच्यात प्रत्येक सुरासाठी ‘स्लाइड’ची सोय आहे. ती लावली की यंत्र त्या सुरावरून पुढच्या सुराकडे घसरत जातं, मधल्या श्रुती चाटत जातं. ज्युपिटर-८ वरही सूर असा वाहता ठेवता येतो. चरणजित सिंगांना ही यंत्रं आपल्या कामाची का वाटली असतील, हे यावरून कळतं. १९८२ च्या शास्त्रीय श्रोत्यानं तबकडी ऐकली असती तर निदान हा एक जुना आक्षेप त्याला मागे घ्यावा लागला असता. पण त्यानं ती ऐकलीच नाही, वेष्टन ऐकलं.

या डबीचीही कथा तबकडीसारखीच. रोलंडच्या तादाओ किकुमोतो यांनी ती एकट्यानं गिटार वाजवणाऱ्यांसाठी बनवली, सोबतीला बासवादक नसेल तर हे यंत्र साथ करील म्हणून. १९८१ मध्ये ती बाजारात आली. तिचा आवाज खऱ्या बास गिटारच्या जवळपासही जात नव्हता. १९८४ पर्यंत जेमतेम दहा हजार डब्या निघाल्या आणि उत्पादन बंद झालं. उरलेल्या डब्या जुन्या बाजारात कवडीमोलानं फिरू लागल्या. अशीच एक शिकागोत ‘फ्यूचर’ नाव घेतलेल्या तीन पोरांच्या हाती लागली. तिला नीट बास वाजवायला लावण्याऐवजी त्यांनी सुरावट चालू ठेवून तिची बटणं पिळायला सुरुवात केली आणि ती किंचाळू, कुरकुरू लागली. त्याची टेप त्यांनी ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबात रॉन हार्डी या डीजेला नेऊन दिली.

त्या रात्रीची हकीकत त्या तिघांतले डीजे पियर पुढे अनेकदा सांगत आले आहेत. हार्डीनं टेप लावली आणि नाचणारे थांबले. जागा रिकामी झाली. त्यानं थोड्या वेळानं ती पुन्हा लावली. लोक थबकले, पण थोडे राहिले. तिसऱ्या वेळी आणखी राहिले. पहाटेच्या सुमाराला चौथ्यांदा लावली तेव्हा लोकांनी जागा डोक्यावर घेतली. तेच ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये तबकडीवर आलं आणि एका संगीतप्रकाराला नाव देऊन गेलं. नावही मुळात ऐकणाऱ्यांनीच दिलेलं.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच दाखवलं होतं की, एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. पण एवढ्यानं भागत नाही. नाहीतर गणपतीचे दहा दिवस मांडवासमोर काढणारा प्रत्येक जण डीजेच्या भिंतीचा भक्त झाला असता. हार्डीच्या क्लबात पहिल्या वेळी लोकांकडे त्या आवाजासाठी मोजपट्टी नव्हती. चौथ्या वेळेपर्यंत पहिल्या तीन वेळांचं ऐकणं हीच मोजपट्टी झाली होती. शिवाय समोर विश्वासाचा माणूस होता. हार्डी पुन्हा पुन्हा लावतोय म्हणजे यात काहीतरी असणार, एवढी उधारी त्याला मिळत होती. चरणजित सिंगांना १९८२ च्या मुंबईत अशी उधारी देणारा कुणी नव्हता. दुकानात तबकडी एकदा वाजली आणि संपलं.

*

उसन्या मोजपट्टीचं हे म्हणणं पडताळून पाहायला मी चरणजित सिंगांची तबकडी दोन ओळखीच्या माणसांना ऐकवली. एक दादरचे काका, उमेदीत नाटकांच्या तालमींना पेटीची साथ केलेले. दुसरा लॅपटॉपवर संगीत करणारा पंचविशीतला मुलगा. साल, नाव, काहीच सांगितलं नाही. ललित लावला.

काकांनी पहिल्या अर्ध्या मिनिटात कपाळाला आठी घातली. ‘‘हा ठोका जरा कमी करता येतो का रे?’’ म्हणाले. येत नाही म्हटल्यावर डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं बोट वर करून म्हणाले, ‘‘दोन्ही मध्यम बघ, लागोपाठ घेतलेत. पंचमाला शिवला नाही. वाजवणाऱ्याला ठाऊक आहे काय करतोय ते.’’ आणि मग, ‘‘पण ललित पहाटेचा राग. एवढी घाई कसली?’’

मुलाला दोन्ही मध्यमांचं सोयरसुतक नव्हतं. त्यानं पहिल्या चार ठोक्यांत ‘‘एट-ओ-एट!’’ म्हणून मांडीवर थाप मारली, आणि वरची सुरावट सुरू झाल्यावर म्हणाला, ‘‘हे वरचं काढून टाकलं तर क्लबात मस्त चालेल.’’

एक जण खालचा ठोका काढायला सांगत होता, दुसरा वरचा राग. दोघांनाही तबकडी आवडली होती, हे विशेष. साल सांगितलं तेव्हा काकांवर काही परिणाम झाला नाही. पेटीवाल्याला १९८२ म्हणजे कालचीच गोष्ट. मुलगा मात्र सरळ होऊन बसला आणि म्हणाला, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा तो काय ऐकत होता? सूर की तारीख? मला वाटतं तारीख. जुनं आहे, विसरलेलं आहे, आपल्या देशातलं आहे, या तीन गोष्टी कळल्या की कान दयाळू होतो. ही दया वाईट नाही, पण तिला रसिकता म्हणू नये.

*

मोजपट्टी आधीच्या अल्बमची असली की काय होतं, त्याचं उदाहरण फ्रान्सचं. डाफ्ट पंक या जोडगोळीचा पहिला अल्बम ‘होमवर्क’ १९९७ चा. खडबडीत, क्लबचा घाम असलेला. २००१ मध्ये ‘डिस्कव्हरी’ आला आणि त्याच चाहत्यांपैकी अनेकांची निराशा झाली. हा चकचकीत होता, गोड होता, सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन रेडिओची आठवण देणारा होता. गायकाचा आवाज ऑटोट्यूनमधून काढून मुद्दाम यंत्राचा केला होता. अमेरिकेतल्या ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळानं दहापैकी ६.४ गुण दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच ‘पिचफोर्क’नं आपले काही जुने निकाल फिरवले, तेव्हा ‘डिस्कव्हरी’ला दहापैकी दहा मिळाले. मधल्या काळात काय काय झालं? या अल्बमवर जपानी चित्रकार लेइजी मात्सुमोतो यांच्या देखरेखीखाली अख्खा अ‍ॅनिमेशनपट निघाला आणि तो पाहिलेली मुलं मोठी झाली. २००७ मध्ये रॅपर कान्ये वेस्टनं त्यातला एक तुकडा घेऊन गाणं केलं, ते जगभर वाजलं. ऑटोट्यून हा तर लोकप्रिय संगीताचा मीठमसाला झाला. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये डाफ्ट पंक वेगळे झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा नियम समीक्षेतही चालतो.

माझ्या मते ६.४ आणि १० हे दोन्ही आकडे चुकीचे आहेत. पहिला अर्धा भाग अप्रतिम, दुसरा रेंगाळणारा. शेवटच्या दहा मिनिटांच्या तुकड्याचं नाव त्यांनी ‘टू लाँग’ ठेवलंय, तिथे समीक्षकाला वेगळं काही लिहायचं उरत नाही.

याच जोडगोळीचा २००५ चा ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ मला जास्त बोलका वाटतो. सहाएक आठवड्यांत उरकलेला, रुक्ष, एकच ओळ दळत बसणारा म्हणून तो जवळजवळ सर्वांनी झिडकारला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात दिव्यांच्या पिरॅमिडमध्ये बसून त्यांनी त्यातलेच तुकडे जुन्या गाण्यांत गुंफून वाजवले. जून २००७ मध्ये पॅरिसला ध्वनिमुद्रित झालेला तो कार्यक्रम ‘अलाइव्ह २००७’ म्हणून निघाला. ज्या ओळी घरी ऐकताना डोकं उठवत होत्या त्याच हजारोंच्या गर्दीत, दुसऱ्या गाण्याच्या खांद्यावर बसून आल्या तेव्हा लोक वेडे झाले. नंतर अनेकांनी मूळ अल्बम पुन्हा काढून ऐकला आणि मत सौम्य केलं. मी नाही केलं. तो अल्बम म्हणजे नुसती भाजणी. चकल्या पुढच्या वर्षी तळल्या.

मतं वरच चढतात असंही नाही. मोबी या अमेरिकन कलाकाराचा ‘प्ले’ मे १९९९ मध्ये आला तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. मग त्यातला प्रत्येक तुकडा जाहिरातींना, चित्रपटांना, मालिकांना वापरायला दिला गेला. मोटारगाडीपासून कशाकशाच्या जाहिरातीत तो वाजला आणि त्याच्या एक कोटीच्या आसपास प्रती खपल्या. दोन-तीन वर्षांत लोकांना त्याचा वीट आला. चांगला अल्बम हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत होऊन बसला. आणखी काही वर्षांनी तिसरंच मत पुढे आलं. त्यातले सर्वांत काळजाला भिडणारे आवाज मोबीचे नव्हतेच. अ‍ॅलन लोमॅक्स या संग्राहकानं अमेरिकेच्या दक्षिण भागात मुद्रित केलेल्या व्हेरा हॉल, बेसी जोन्स अशा कृष्णवर्णीय गायिकांचे ते आवाज होते. व्हेरा हॉल १९६४ मध्येच वारल्या होत्या. जाहिरातीत गाजत असलेला तो गळा कुणाचा, हे ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. हे कळल्यावर अल्बम पूर्वीसारखा ऐकता येत नाही. इथे मत बदललं ते कान तयार झाल्यामुळे नाही, माहितीमुळे, आणि ते तसं बदलणं मला रास्त वाटतं.

*

गोव्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे आधी नाच होता, अल्बम फार नंतर आले. गिल्बर्ट लेव्ही नावाचा कॅलिफोर्नियाचा तरुण १९७० मध्ये गोव्यात आला, गोवा गिल झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये वारला. हणजूणच्या किनाऱ्यावर रात्री वाजायचं ते सुरुवातीला रॉक. ऐंशीच्या दशकात त्याची जागा युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक संगीतानं घेतली. डीजे लोक कॅसेटवर गाण्यातला गायनाचा भाग कापून टाकत आणि नुसता वाद्यांचा पट्टा जोडून लांबवत. तबकड्या त्या उन्हात वाकड्या होत, म्हणून आधी कॅसेट आणि पुढे डॅट या डिजिटल टेपा आल्या. डॅटवर दोन तुकड्यांचे ठोके एकमेकांत मिसळणं कठीण. त्यामुळे या संगीतात सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेले लांब पट्टे ठेवायची रीत पडली, म्हणजे एक विरताना दुसरा उगवेल.

नव्वदच्या दशकात हे संगीत ‘गोवा ट्रान्स’ नावानं लंडनला पोचलं. डिसेंबर १९९४ मध्ये डीजे पॉल ओकनफोल्डनं बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ सादर केला, १९९५ मध्ये सायमन पॉसफर्डचा ‘ट्विस्टेड’ हा अल्बम ‘हॅल्युसिनोजेन’ या नावाखाली आला. लंडनच्या घरात बसून ऐकणाऱ्या समीक्षकांना यातलं बरंचसं लांबण लावणारं, एकसुरी आणि उगाच आध्यात्मिकतेचा आव आणणारं वाटलं. शेवटच्या आरोपाशी मी सहमत आहे. वेष्टनांवरचे ते ॐ आणि शंकर पाहून हसू येतं. पण लांबण म्हणाल तर ती पहाटे चार ते सातसाठी बेतलेली होती. वागातोरला उजाडताना जे अचूक वाटतं ते लंडनच्या क्रॉयडनला जेवणानंतर कंटाळवाणं वाटलं, तर दोष द्यायचा कुणाला? अल्बम ऐकण्याच्या जागेसकट विकता येत नाही. तरी ‘ट्विस्टेड’ आज हेडफोनवर ऐकला तर त्यातली कारागिरी थक्क करते.

या सगळ्यात एका श्रोतृवर्गाला कुणी मत विचारलं नाही. किनाऱ्यावर चटया अंथरून, दिवे लावून रात्रभर चहा-ऑम्लेट विकणाऱ्या गावातल्या बायका. गोवा ट्रान्स त्यांच्याइतका सलग क्वचितच कुणी ऐकला असेल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले तेव्हा झोप परत मिळाली आणि धंदा गेला. त्यांच्या लेखी या संगीताची किंमत अशीही होती आणि तशीही. ती कुठल्याच समीक्षेत आलेली नाही.

*

मत बनायला आधी ऐकायला तर मिळालं पाहिजे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीनं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. त्यामागे गीता साराभाई होत्या. त्यांनीच १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्या स्टुडिओत टेपा केल्या. मग त्या टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुरगस या ब्रिटिश कलाकारानं त्या हुडकून काढल्या आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ हा संग्रह निघाला. पन्नास वर्षं त्यांना वाईट म्हणणारंही कुणी नव्हतं.

आता त्यावर जे लिहून येतं ते सगळं कौतुकाचं आहे. मला त्यातले काही तुकडे निव्वळ धडे वाटतात : नवं यंत्र मिळालंय, हे बटण फिरवलं की काय होतं ते पाहू. काही मात्र खरोखर दचकवतात. पण हा फरक करायला अजून कुणी धजत नाही, कारण पुरावस्तू म्हणून त्या अमोल आहेत आणि पुरावस्तूला नावं ठेवणं अशिष्ट. आणखी दहा वर्षं जाऊ द्या. या टेपांवर भांडणं सुरू होतील तेव्हा त्या खऱ्या अर्थानं ऐकल्या जातील.

तोच न्याय चरणजित सिंगांना लावतो. अ‍ॅसिड हाउसचे जनक ही पदवी त्यांना देऊ नये. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. बाप म्हणायला काही नातं तर हवं. शिवाय ३०३ वापरणारे ते एकटे नव्हते. त्याच सुमाराला स्कॉटलंडच्या ‘ऑरेंज ज्यूस’ या बँडनं ‘रिप इट अप’मध्ये तीच डबी वाजवली आणि ते गाणं ब्रिटनमध्ये गाजलं. फ्यूचरचं सारं काम बटण पिळण्यात होतं. चरणजित सिंगांचं काम वरच्या सुरावटीत आहे, बास तिला धरून चालतो. तबकडी म्हणून पाहिलं तर भैरवी, ललित आणि मेघमल्हार उत्तम. यमन आणि भूपाळी हलक्याफुलक्या धुनांवर येऊन थांबतात. मालकंस मध्यरात्रीचा असूनही त्याला सकाळच्या बैरागीच्याच कपड्यांत उभं केलंय. बढतीला वेळच नाही, त्यामुळे राग उलगडत नाही, फक्त त्याचा चेहरा दिसतो. पण यंत्रावरची तान इतक्या सफाईनं १९८२ पर्यंत दुसऱ्या कुणी वाजवलेली मी तरी ऐकलेली नाही. काका म्हणाले तेच खरं : वाजवणाऱ्याला ठाऊक होतं तो काय करतोय ते.

२०१० मध्ये निदान चरणजित सिंगांना गाठून विचारता आलं. ते हयात होते, मुंबईतच होते, आणि तबकडी त्यांच्या नावावर होती. सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवलेल्या बहुतेकांच्या बाबतीत यातलं शेवटचं तरी खरं नाही. त्यात गोव्याचे होते, पारशी होते, गिरगाव-दादरचे मराठी वादकही होते. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं त्यांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक केलं, पण एका पुस्तकात किती मावणार? तुमच्या घरात, इमारतीत, नात्यात असं कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्यासमोर जुनी गाणी लावा आणि कुठल्या गाण्यात कुणी काय वाजवलं ते वहीत उतरवून घ्या, यंत्राच्या नावासकट. तबकड्यांच्या वेष्टनांवर ती नावं छापलेली नाहीत.